शाप नेमका कोण देतो?

मराठी समीक्षेने आणि त्याहून अधिक मराठी मृत्युलेखांनी लाडावलेला एक शब्दप्रयोग आहे : ‘शापित गंधर्व’. नट असो, गायक असो, कवी असो की फलंदाज. ज्याच्याकडे अफाट गुण होते आणि ज्याचे ते गुण पुरते फळाला आले नाहीत, त्याच्यासाठी हे दोन शब्द तयारच असतात. ते कानाला गोड लागतात, हळहळ व्यक्त करतात आणि लिहिणाऱ्याची पुढच्या विचारातून सुटका करतात. मात्र शाप म्हटला की शाप देणारा कोणीतरी असावा लागतो. पुराणांत तो असतोच. तिथे कोणत्या अपराधासाठी शाप दिला हे सांगितलेले असते आणि बहुतेक वेळा उःशापही सांगितलेला असतो. आपल्या मृत्युलेखांत यांपैकी काहीच नसते. गंधर्व शापित होता, एवढेच.

हे आठवण्याचे निमित्त क्रिकेटचे आहे. गुणी परंतु उपद्रवी खेळाडू संघाने ठेवावा की काढावा, हा प्रश्न गेल्या दोन-तीन हंगामांत महाराष्ट्राच्या क्रीडापृष्ठांवर पृथ्वी शॉच्या निमित्ताने सारखा येत राहिला. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात डोके का घालावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की ज्या दोन तयार कथानकांच्या आधारे ही चर्चा चालते, ती दोन्ही कथानके आपल्याच दुकानातून गेलेली आहेत. पहिले अर्थातच शापित गंधर्वाचे. दुसरे, शिस्त ही गुणांपेक्षा थोर असते हे शालेय पाठ्यपुस्तकातले. दोन्ही कथानकांत एक गोष्ट समान आहे : निर्णय घेणाऱ्या माणसांना कोणी प्रश्न विचारीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा.

आधी शॉची हकिकत थोडक्यात. विरारहून लोकलने वांद्र्याच्या शाळेत आणि मैदानावर ये-जा करणारा हा मुलगा २०१३ साली हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा काढून सर्वांना ठाऊक झाला. रणजी पदार्पणात शतक, दुलीप करंडकाच्या पदार्पणात शतक, २०१८ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधारपद आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पणात १३४ धावा. त्यावेळी तो एकोणीस वर्षांचाही नव्हता. २०१९ मध्ये उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी ठरल्याने आठ महिन्यांची बंदी आली. खोकल्याच्या औषधातून ते द्रव्य अनवधानाने शरीरात गेल्याचे नियामक मंडळाने मान्य केले होते. पाचवी आणि आजवरची शेवटची कसोटी २०२० च्या डिसेंबरात अॅडलेडला. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध गुवाहाटीला ३७९ धावा. रणजीच्या इतिहासात त्याहून मोठी खेळी एकच, भाऊसाहेब निंबाळकरांची.

त्यानंतरची उतरंड वेगाने झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्रिपुराविरुद्धच्या रणजी सामन्यासाठी त्याला वगळले. तंदुरुस्ती आणि सरावातील अनियमितता ही कारणे वृत्तपत्रांतून, बहुधा नाव न सांगणाऱ्या पदाधिकाऱ्यांच्या तोंडून, पुढे आली. नोव्हेंबरात आयपीएलच्या लिलावात त्याला कोणी घेतले नाही. मुंबईने मधल्या काळात सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याला खेळवले, स्पर्धा जिंकलीही, आणि विजय हजारे स्पर्धेसाठी पुन्हा वगळले. कोणालाही सतत सांभाळत बसणे शक्य नाही, कामाची शिस्त त्याची त्यानेच लावून घ्यायला हवी, अशा आशयाचे कर्णधार श्रेयस अय्यर जाहीरपणे बोलला. २०२५ साली शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात आला. ऑक्टोबरात जुन्या सहकाऱ्यांविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने १८१ धावा केल्या आणि बाद होताना बाचाबाचीही झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस चंडीगडविरुद्ध २२२ धावा करून त्याने महाराष्ट्राला सामना जिंकून दिला.

एवढ्या माहितीवर दोन्ही कथानके सहज उभी राहतात. १८१ धावांवर बोट ठेवले की गंधर्व दिसतो, बाचाबाचीवर ठेवले की उपद्रवी मुलगा दिसतो. आपण कोणत्या पानावर बोट ठेवतो यावर निष्कर्ष ठरत असेल, तर तो निष्कर्ष खेळाडूविषयी फारसे काही सांगत नाही.

शॉच्या आधी हीच जागा विनोद कांबळीची होती. १९८८ साली शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकरबरोबरची ६६४ धावांची भागीदारी मराठी घराघरांत पाठ आहे. १९९३ च्या फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, मार्चमध्ये दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७. सतरा कसोटींत १०८४ धावा, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी नोव्हेंबर १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. या कारकिर्दीविषयी ‘शाप’ हा शब्द किती वेळा वापरला गेला असेल याची गणती नाही. त्या शब्दाने काय काय झाकले गेले पाहा. उसळत्या चेंडूंविरुद्धच्या खेळाची क्रिकेटच्या परिभाषेतली चर्चा झाकली गेली. त्याच्या स्वतःच्या वागण्याची, म्हणजे त्याच्या जबाबदारीची, चर्चा झाकली गेली. आणि बाविशी-तेविशीतल्या मुलाच्या हाती एकदम आलेल्या पैशाचे व प्रसिद्धीचे काय करायचे हे शिकवणारी कोणतीही व्यवस्था त्या काळच्या मंडळाकडे होती का, हा प्रश्नही झाकला गेला. शाप म्हटला की खेळाडूही सुटतो आणि मंडळही सुटते. त्यामुळेच हा शब्द सर्वांना सोयीचा वाटतो.

मुळात प्रश्न गोलंदाजाचा घेतला तर मराठी क्रिकेटच्या इतिहासात त्याचे याहून जुने आणि याहून बोचरे उदाहरण सापडते. ते सुभाष गुप्ते यांचे.

गुप्ते यांचा जन्म १९२९ सालचा, मुंबईचा. लेगस्पिन ही क्रिकेटमधली सर्वांत अवघड आणि सर्वांत लहरी कला. ती त्यांच्याइतकी हाताबोटांत मुरलेले गोलंदाज जगात थोडे झाले. दोन प्रकारचे गुगली ते टाकीत, असे त्यांच्याविरुद्ध खेळलेल्यांनी सांगितले आहे. ३६ कसोटींत १४९ बळी; तेही झेल सुटण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या क्षेत्ररक्षणाच्या भरवशावर. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजच्या एका डावात १०२ धावांत नऊ बळी. त्या संघातले गॅरी सोबर्स पुढे शेन वॉर्नचा काळ पाहूनही गुप्ते हेच आपण पाहिलेले सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर, असे सांगत राहिले.

१९६१ च्या डिसेंबरात टेड डेक्स्टरचा इंग्लंड संघ भारतात होता. कानपूरच्या कसोटीत गुप्ते यांनी पहिल्या डावात पाच बळी घेतले आणि इंग्लंडवर फॉलोऑनची पाळी आली. पुढची कसोटी दिल्लीची. संघ इंपीरियल हॉटेलात उतरला होता. गुप्ते आणि ए. जी. कृपाल सिंग एका खोलीत होते. क्रिकेटच्या इतिहासग्रंथांत येणारी हकिकत अशी की कृपाल सिंग यांनी खोलीतल्या दूरध्वनीवरून स्वागतकक्षातील तरुणीला काम संपल्यावर भेटण्याविषयी विचारले, तिने वरिष्ठांकडे तक्रार केली आणि ती मंडळापर्यंत गेली. चौकशी खोलीची झाली. म्हणून शिक्षा खोलीतल्या दोघांनाही झाली. आपण फोन केला नाही, असे गुप्ते यांनी सांगितले. त्यावर, मग तू त्याला अडवले का नाहीस, असे त्यांना विचारले गेले म्हणतात. एवढ्या धिप्पाड माणसाला मी कसा अडवणार, हे गुप्ते यांचे उत्तर.

या प्रसंगाकडे विनोदी किस्सा म्हणून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला मान्य नाही. नोकरीच्या ठिकाणी असा फोन आल्यावर त्या तरुणीने तक्रार करणे रास्त होते आणि मंडळाने ती ऐकून घेणेही रास्त होते. आक्षेप पुढच्या पायरीला आहे. जो दोष सिद्ध झाला नाही, किंबहुना जो दुसऱ्याचा आहे हे कळले होते, त्यासाठी देशातला पहिल्या क्रमांकाचा गोलंदाज काढला गेला. आणि किती काळासाठी काढला, हे कोणी सांगितले नाही. शिक्षेला मुदत नव्हती. कृपाल सिंग पुढे परत आले. १९६४ पर्यंत ते कसोटी खेळले. गुप्ते यांच्यासाठी मात्र दिल्लीचीच कसोटी शेवटची ठरली. त्या महिन्यात त्यांनी वयाची बत्तीस वर्षे पूर्ण केली होती. लेगस्पिनर याच वयात पिकू लागतो.

शिस्तवादी मंडळी इथे एक पुरावा पुढे करतील आणि तो खोटा नाही. गुप्ते यांना वगळल्यानंतर भारताने कोलकाता आणि चेन्नई या दोन्ही कसोट्या जिंकल्या. इंग्लंडविरुद्धची मालिका भारताने जिंकली ती तेव्हाच पहिल्यांदा. म्हणजे गोलंदाज गेला आणि संघ जिंकला. पण लगेच दोन महिन्यांनी तोच संघ वेस्ट इंडीजला गेला आणि पाचपैकी पाच कसोट्या हरला. गुप्ते यांची सासुरवाड त्रिनिदादची. त्या खेळपट्ट्या त्यांना अंगणासारख्या ठाऊक होत्या. ते असते तर निकाल बदलला असता असे मी म्हणणार नाही; हॉल आणि सोबर्स यांच्यापुढे एकटा लेगस्पिनर किती पुरला असता कोण जाणे. मला उलटच सांगायचे आहे. जिंकले म्हणून निर्णय योग्य ठरत नाही आणि हरले म्हणून अयोग्य ठरत नाही. निर्णय ज्या दिवशी घेतला त्या दिवशी हाती काय पुरावा होता आणि कोणती पद्धत पाळली, यावरच तो तपासायला हवा. त्या कसोटीवर १९६१ चा निर्णय टिकत नाही. गुप्ते त्रिनिदादला स्थायिक झाले आणि २००२ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये वारले. त्यांना कोणी ‘शापित गंधर्व’ म्हटले की मला त्या टेबलापलीकडे बसलेली माणसे आठवतात. त्यांची नावे, पदे सगळे नोंदलेले आहे. शाप आकाशातून पडला नव्हता.

अशा निर्णयाची चौकशी होऊ शकते, हे त्याआधी पंचवीस वर्षे भारतीय क्रिकेटने पाहिले होते. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार यांनी लाला अमरनाथ यांना बेशिस्तीच्या आरोपावरून पहिल्या कसोटीआधीच मायदेशी पाठवले. भारताचे पहिले कसोटी शतक काढणारा हा खेळाडू दौऱ्यात जबरदस्त फलंदाजी करीत होता. परतल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन ब्यूमाँट यांच्या समितीने प्रकरण तपासले आणि अमरनाथ यांच्यावरचा ठपका दूर केला. मधल्या महायुद्धाने कसोट्याच बंद पडल्या. तरी १९४६ साली अमरनाथ परतले आणि स्वतंत्र भारताचे पहिले कर्णधार झाले. त्यांचा स्वभाव चौकशीनंतरही तिखटच राहिला. तिखट स्वभाव हा गुन्हा नव्हे, एवढे मात्र त्या चौकशीने ठरवून दिले.

‘उपद्रवी’ या शब्दाचा आणखी एक पदर आहे आणि तो पाळवणकर बंधूंच्या उल्लेखाशिवाय उलगडत नाही. पुण्यात खेळपट्टी राखण्याचे काम करता करता गोलंदाजी शिकलेले पाळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आले. पुण्याच्या क्लबात त्यांना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात मिळत असे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली बाळूंना संघातून वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी आपणही खेळणार नाही असे जाहीर केले. त्यावेळच्या निवड समितीच्या दप्तरी हा उपद्रवच असणार; ऐन स्पर्धेत संघाची कोंडी करणे याला दुसरे काय म्हणतात? पण त्या उपद्रवानेच बाळू उपकर्णधार होऊन परतले आणि १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे १९४८ सालचे आत्मकथन मराठी विभागांच्या ग्रंथालयांत असायला हवे. दलित आत्मकथनांचा इतिहास शिकवताना आपण त्याच्यापाशी थांबत नाही, हे आश्चर्यच आहे. सांगायचे ते असे की कोणी उपद्रवी आहे असे म्हटल्याबरोबर, कोणाला, हा प्रतिप्रश्न विचारला पाहिजे. सहकाऱ्यांना उपद्रव होतो की व्यवस्थेच्या सोयीला? पहिल्या प्रकारात संघाला कठोर व्हावेच लागते. दुसऱ्या प्रकारात कधी कधी व्यवस्थेने लाजायला हवे.

बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला शिस्तीचे एक निराळे रूप ठाऊक असते. इथून दर हिवाळ्यात ऊसतोडीला टोळ्या जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल. आणि एक दिवस काम चुकले की ‘खाडा’. खाड्याचा दंड भरावा लागतो. तुम्ही दारू पिऊन पडला होता की तापाने फणफणला होता की बाळंतीण होता, हे खाडा विचारीत नाही. कामाचा दिवस बुडू नये या धास्तीपायी इथल्या स्त्रियांनी गर्भाशये काढून घेतल्याची प्रकरणे २०१९ साली चव्हाट्यावर आली आणि शासनाला समिती नेमावी लागली. ज्यांच्या घरात हा शब्द रोजचा आहे अशी मुले माझ्या वर्गात बसतात. ‘शिस्त म्हणजे शिस्त, कारण विचारायचे नाही’ हे वाक्य मुंबईच्या क्लबात तेजस्वी वाटत असेल. आमच्याकडे ते खाड्यासारखे ऐकू येते. शिस्तीचा नियम आणि खाडा यांत फरक कारण विचारण्याचा आहे. कारण विचारून, ऐकून, तपासून मग दंड केला तर ती शिस्त.

इतके लिहिल्यावर मी उपद्रवी गुणवंतांचा वकील आहे असा कोणाचा समज होईल. तसे नाही. या चर्चेत ज्याच्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते तो म्हणजे संघातला दुसरा माणूस. युवक महोत्सवाच्या एकांकिकेच्या तालमी ज्या प्राध्यापकांनी घेतल्या आहेत त्यांना हा माणूस चांगला परिचयाचा असतो. आमच्या महाविद्यालयात एका वर्षी प्रमुख भूमिकेतला मुलगा असामान्य होता आणि तालमीला येत नसे. आला तर उशिरा, आणि आल्यावर इतरांच्या चुका काढणार. त्याच्या जागी उभा राहायला, वाक्ये म्हणायला, इतरांना हालचाली पक्क्या करता याव्यात म्हणून आम्ही द्वितीय वर्षातला एक साधा मुलगा घेतला. प्रयोगाच्या आधी गुणी नट हजर झाला. समितीत दोन तट पडले. तो मुलगा बाहेर उभा होता. तो मला एवढेच म्हणाला, “सर, मग मी वीस दिवस कोणाच्या जागी उभा होतो ते तरी सांगा.” आम्ही त्या वर्षी भूमिका त्यालाच दिली. प्रयोग बेताचा झाला, बक्षीस मिळाले नाही आणि काही सहकाऱ्यांच्या मते निर्णय चुकला. मला तो आजही योग्य वाटतो. गुणांचे भाडे दुसऱ्याने भरायचे, अशी सवय तरुण वयात लागली की ती सुटत नाही. आणि भाडे भरणाऱ्याला आपण नुसताच गृहीत धरला गेलो हे कळते, तेव्हा संघ आतून पोकळ व्हायला लागतो. शापित गंधर्वांच्या चरित्रांत हे भाडेकरू कुठेच भेटत नाहीत. गंधर्वाच्या उशिरा येण्याचे किस्से असतात, पण मेकअप करून तीन तास ताटकळलेल्या सहकलाकारांचा त्यांत साधा उल्लेखही नसतो. मराठी चरित्रलेखनाने याचा हिशेब कधीतरी मांडायला हवा.

मग संघाने करावे काय? माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. दोष नेमका कोणता : वजन, सराव चुकवणे, सहकाऱ्यांचा अपमान, की केवळ कोणाच्या तरी मनात भरलेली नावड? त्या दोषाची किंमत कोण मोजतो? आणि परतीची वाट कोणती, किती दिवसांची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिता येत नसेल तर खेळाडूला काढू नये. दुसऱ्याचे उत्तर ‘इतर दहा जण’ असे असेल तर बिनदिक्कत काढावे, मग तो कितीही गुणी असो. तिसऱ्याचे उत्तर नसेल तर ती शिक्षा राहत नाही, तो सूड होतो.

या तीन प्रश्नांपुढे शॉचे प्रकरण ठेवून पाहू. सरावाला नियमित न येणारा आणि क्षेत्ररक्षणात मागे पडणारा फलंदाज इतर दहा जणांचे काम वाढवतो. तेव्हा त्याला वगळण्याचा अधिकार मुंबईला होता आणि वगळणे चुकीचे नव्हते, असे मला वाटते. मुश्ताक अली स्पर्धेत पुन्हा संधी दिली, म्हणजे दारही लावून घेतले नव्हते. गुप्ते यांच्या प्रकरणाशी तुलना करता हा फार मोठा फरक आहे. खटकते ते कारणे सांगण्याच्या पद्धतीत. कर्णधार उघडपणे बोलला, ते एका अर्थी बरेच झाले. निनावी पदाधिकाऱ्यांनी वार्ताहरांच्या कानात सांगितले, ते वाईट. पंचवीस वर्षांच्या खेळाडूचे वजन हा पहिल्या पानाचा विषय करून त्याचे वजन कमी होत नसते. अमुक इतकी तंदुरुस्ती, अमुक इतक्या दिवसांचा सराव, मग पुन्हा विचार, असे जाहीरपणे सांगता आले असते. महाराष्ट्राने त्याला घेतले हा निर्णयही मला योग्य वाटतो, फक्त त्यामागे ‘मुंबईला रत्नपारख नाही’ अशी फुशारकी नसावी. सराव सामन्यातल्या बाचाबाचीने दाखवून दिले की संघ बदलल्याने स्वभाव बदलत नाही. २२२ धावांनी दाखवले की गुणही कुठे गेलेले नाहीत. आता महाराष्ट्रालाही तेच तीन प्रश्न दर हंगामात विचारावे लागतील.

शॉला एक सोय मिळाली ती मात्र सर्वांना मिळत नाही, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे. मुंबईने दार लोटले तर पुण्याचे दार ठोठावता येते. बीडच्या मुलाने काय करावे? फेब्रुवारी २०२४ मध्ये बेनोनीला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताची अवस्था चार बाद ३२ अशी असताना आपल्या बीडच्या सचिन धसने ९६ धावा केल्या आणि कर्णधार उदय सहारनसह सामना ओढून आणला. त्या दिवसापासून इथल्या मैदानांवर पहाटे येणाऱ्या मुलांची संख्या वाढली आहे, हे कोणीही सकाळी फिरायला जाणारा सांगेल. त्यांतली काही मुले निश्चित उद्धट असतील. काहींचे सराव चुकतील, कारण घरचे लोक कारखान्यावर गेलेले असतात आणि धाकटी भावंडे त्यांच्याकडे असतात. जिल्ह्याच्या निवडीत ‘वागणूक ठीक नाही’ असा शेरा त्यांतल्या एखाद्यावर बसला तर त्याची बातमी होणार नाही, त्यावर चर्चा झडणार नाही, ब्यूमाँट समिती बसणार नाही. पुढच्या वर्षी तो आलाच नाही एवढेच कोणाच्या तरी लक्षात येईल, किंवा तेही येणार नाही.

हा शेरा लिहिणारी माणसे म्हणजे क्रीडाशिक्षक, प्राध्यापक, निवड समितीचे सदस्य, म्हणजे थोडेफार आपणच आहोत. क्रीडासंघ असो, वक्तृत्वाचा चमू असो की एकांकिका, वगळण्याचा कागद आपल्या हातून जातो. त्या कागदावर दोष लिहावा, पुरावा लिहावा, त्या मुलाचे म्हणणे लिहावे आणि पुन्हा कधी यायचे ती तारीख लिहावी. हे चार रकाने भरायला दहा मिनिटे लागतात. १९६१ साली दिल्लीत ती दहा मिनिटे कोणी काढली नाहीत.